एडिंबरोतील प्रकाशकाची कबर आणि वारसा-यादी

प्रश्न (वाचक, मडगाव)
आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रिकेसाठी मी जुन्या प्रकाशकांवर टिपण लिहीत आहे. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांचे प्रकाशक आर्किबाल्ड कॉन्स्टेबल एडिंबरोच्या ओल्ड कॅल्टन दफनभूमीत विसावले असून ती जागा स्कॉटलंडच्या वारसा-यादीत 'अ' या सर्वांत वरच्या वर्गात आहे, असे वाचले. हा मान त्यांचा की जागेचा? आणि यादीत आल्यावर दगड घासून स्वच्छ करता येतो काय?

उत्तर (पणजी)
मान मुख्यतः जागेचा. 1718 मध्ये सुरू झालेल्या या दफनभूमीतून पुढे वॉटर्लू प्लेस हा रस्ता काढण्यात आला. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांची रॉबर्ट ॲडम यांनी रचलेली गोल समाधी आणि राजकीय हुतात्म्यांचा 1844 चा उंच स्तंभ तिथेच आहे. भिंती व स्मारके धरून सगळ्याची नोंद एकत्र झाली आहे.
कॉन्स्टेबल यांचे नाव मात्र वाया जाऊ देऊ नका. 1802 पासून 'एडिंबरो रिव्ह्यू' हे त्रैमासिक काढणारा, लेखकांना सढळ हाताने मानधन देणारा हा माणूस 1826 मध्ये दिवाळखोर झाला. त्याच्याबरोबर स्कॉट यांच्या डोक्यावरही लाखाहून अधिक पौंडांचे कर्ज आले. पुढच्याच वर्षी कॉन्स्टेबल वारले. गंमत म्हणजे त्यांचे प्रतिस्पर्धी विल्यम ब्लॅकवुड (निधन 1834) यांनाही त्याच दफनभूमीत जागा मिळाली!

उत्तर (म्हापसा)
स्वच्छतेविषयी लिहितो. नोंद असलेल्या वास्तूचे स्वरूप बदलेल असे काम तिथे नगरपरिषदेच्या परवानगीवाचून करता येत नाही, आणि तारेच्या ब्रशने घासणे हे तर परवानगीच्या आधी शहाणपणाचाच प्रश्न आहे. एडिंबरोत कबरींसाठी वालुकाश्म फार वापरला जातो. त्याचा पृष्ठभाग एकदा सुटू लागला की शेवाळाबरोबर अक्षरांच्या कडाही निघून जातात, आणि मग नाव वाचायला उरतच नाही. आपल्याकडे 2 नोव्हेंबरच्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या मृतांच्या स्मरणदिनाच्या, आधी कबरींना चुना काढण्याची घाई असते. तीच सवय तिथे नेणे योग्य नव्हे.

उत्तर (फोंडा)
आपल्या गोव्याच्या 1978 च्या स्मारक-कायद्याखालील संरक्षित स्मारकांशी या यादीची सरसकट तुलना टिपणात करू नये, कारण दोन्हींची व्यवस्था वेगळी आहे. छायाचित्र मागवणार असाल तर सकाळच्या तिरप्या उन्हातले मागवा; झिजलेली अक्षरे सावलीमुळे वाचता येतात, आणि दगडाला हात लावावा लागत नाही.