विषय: पुण्यातील डिझेल गाडी अधूनमधून चालू न होणे आणि घाटात पिक-अप जाणे

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

कोथरूडला आई-बाबांकडे असलेली आमची २०१२ सालची कॉमन-रेल डिझेल गाडी पावसाळ्यापासून त्रास देत आहे. सकाळी ती पहिल्याच सेल्फला चालू होते; पण मंडईत जाऊन पंधरा मिनिटे उभी केली की सेल्फ फिरत राहतो, इंजिन मात्र घेत नाही, आणि अर्ध्या तासाने काही झालेच नव्हते अशी चालू होते. परवा कात्रजचा घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबूनही वेग वाढेना. मागून ट्रक येत असताना बाबांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. चावी बंद करून पुन्हा फिरवल्यावर ती नीट चालली. गॅरेजने हाय-प्रेशर पंप बदलायला सांगितला आहे. बाबांचे वय ७३ आहे. इतक्या दुरून त्यांना काय सांगावे?

— एक सभासद

नमस्कार.

आपली काळजी समजली. मी परत येऊन पुण्यातच स्थायिक झालो असून डिझेल इंजिनांवर अनेक वर्षे काम केले आहे. घाटातील प्रसंग पाहता, दोष सापडेपर्यंत बाबांनी ही गाडी शहराबाहेर नेऊ नये, हे आधी सांगतो.

पंपाचा निर्णय थांबवावा. गाडी चालू होत नसेल नेमक्या त्या वेळी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारे यंत्र) लावून सेल्फ मारायचा आणि दोन आकडे पाहायचे: आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आणि रेलमधील, म्हणजे पंपाने दाबलेले डिझेल साठवणाऱ्या सामाईक नळीतील, दाब. सेल्फ फिरत असूनही आरपीएम शून्य दिसला, तर क्रँक सेन्सर (इंजिनाचे फिरणे मोजणारा) किंवा त्याची वायर संशयित. हा सेन्सर तापल्यावर बंद पडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालतो, असे पुष्कळदा घडते. आरपीएम दिसतो पण दाब साधारण २०० बारपर्यंतही चढत नाही, असे असेल तर दोष इंधनाच्या बाजूचा आहे. तेव्हाही पंपाचा क्रम शेवटचा. आधी फिल्टर, नळीत शिरणारी हवा आणि इंजेक्टरांची (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांची) गळती तपासावी. चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्यांना सारख्या बाटल्या लावून इंजिन काही मिनिटे चालवले की कोणता इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडतो ते डोळ्यांनी दिसते. दाब पाहण्यासाठी हाय-प्रेशर पाइप सैल करू देऊ नये. त्यातून सुटणारी बारीक धार कातडीत घुसते आणि हात गमावण्याची वेळ येऊ शकते.

आता पिक-अपविषयी. या गाडीत ॲक्सिलरेटरला केबल नाही. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात आणि बहुतेक गाड्यांत एकाचे व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट असते. हे प्रमाण बिघडले की ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) दोघांवरही विश्वास ठेवत नाही आणि इंजिन कमी वेगावर धरून ठेवतो. मात्र रेलचा दाब पडला तरीही शक्ती अशीच कापली जाते, म्हणून ईसीयूने नोंदवलेले दोषांचे कोड वाचल्याशिवाय पुसू नयेत: पी २१३८ पेडलकडे बोट दाखवतो, पी ००८७ कमी दाबाकडे, पी ०३३५ क्रँक सेन्सरकडे. काही जण थ्रॉटल बॉडी (हवेच्या वाटेतील झडप) साफ करून देतात. पण डिझेल इंजिनाची शक्ती त्या झडपेवर नव्हे, तर किती डिझेल आत सोडले यावर ठरते.

दोन्ही तक्रारी एकाच पावसाळ्यात सुरू झाल्या, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. क्रँक आणि पेडल या दोन्ही सेन्सरांच्या वायरी ईसीयूपाशी एकत्र येतात. तेथील कप्लर (वायरींचे जोड), अर्थिंग आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी एखाद्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून उघडून पाहून घ्याव्यात.

— मंडळाचा जुना सभासद, पुणे

आदरणीय काका, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र बाबांनी छापून इलेक्ट्रिशियनला दिले. गाडी गरम असताना आरपीएम शून्यच होता, आणि कोड पी ०३३५ व पी २१३८ हे दोन निघाले. बॅटरीमागे ईसीयूकडे जाणाऱ्या वायरींचे आवरण उंदराने दोन बोटे सोलले होते. चढावर इंजिन हलले की उघडी तार पत्र्याला टेकत असे. वायरी नव्याने जोडून वर जाड नळी चढवली आणि क्रँक सेन्सर नाना पेठेतून आणून बदलला. पंपाला हातही लावला नाही. दहा दिवस झाले, मंडईतून परतताना गाडी एकदाही अडली नाही. तरीही स्कॅनर लावून एकदा कात्रज चढून येईपर्यंत बाबांना एकट्याने घाटात जाऊ देणार नाही.

— आपला ऋणी