बुद्धपौर्णिमेलाच भर विहारात भावाने पाणउतारा केला, तेव्हापासून झोप नाही

कातळावरचा:
जय भीम सगळ्यांना. गाव दापोली साइडला, मी गावीच असतो. आजोबांनी लावलेली हापूसची कलमं आहेत, सातबारा अजून सामाईक, बाबांचं आणि काकांचं नाव एकत्र. चुलतभाऊ विरारला, मे महिन्यात येतो. वर्षभर गवत काढणं, खत, फवारणी, माकडांवर राखण सगळं माझ्याकडे. यंदा बुद्धपौर्णिमेला वंदना झाली, खीर वाटप चालू होतं, गावची मुंबईची सगळी मंडळी बसलेली आणि हा मोठ्याने म्हणतो, "आमच्या वाटणीचा आंबा विकून ह्याने घराला स्लॅब टाकला." माझ्या हातात खिरीचा डाव होता तो तसाच हातात राहिला. आये शेजारी होती म्हणून काय बोललो नाही. पण आता रात्री दोन-तीनला जाग येते आणि डोक्यात भांडण सुरू, मी असं बोलेन मग तो असं बोलेल मग मी असं, उजाडेपर्यंत हेच. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात ग्रंथ वाचायला लोक मलाच बसवतात आणि माझ्या डोक्यात हे! प्लीज "वैराने वैर शमत नाही" वालं स्टेटस नको, ते पाठ आहे. अशा टायमाला नक्की करायचं काय ते कुठे सांगितलंय का?

विपश्यी ठाणे:
दादा इगतपुरीला दहा दिवसांचं शिबिर करा. मोबाइल जमा, बोलणं बंद, श्वासापासून सुरुवात. फी नाही, शेवटी वाटलं तर दान द्यायचं.

कातळावरचा:
मे महिन्यात दहा दिवस? आंबा झाडावर आहे भाऊ. पावसाळ्यात बघतो.

सोपाऱ्याची:
दादा, रात्रीच्या भांडणापुरतं बोलते. मज्झिम निकाय ह्या बुद्धवचनाच्या पाली संग्रहातलं विसावं सुत्त, वितक्कसंठान, नेमकं ह्याच्यावरच आहे. नको ते विचार डोक्यात घुसले तर काय, तर पाच उपाय दिलेत आणि ते क्रमाने करायचे, एकाने नाही भागलं तर पुढचा. पहिला, त्या जागी दुसरा चांगला विचार आणायचा, सुतार बारीक खुंटी ठोकून जाड खुंटी बाहेर काढतो तसा. आता भावाबद्दल मैत्री लगेच येणार नाही, खोटं कशाला, पण आयेबद्दल येईल ना? तिथून सुरू करा. दुसरा, ह्या विचाराने माझं नुकसान काय होतंय ते बघायचं, तुमच्या केसमध्ये झोप गेलीच आहे. तिसरा, लक्षच द्यायचं नाही, उठून दुसरं काहीतरी करायचं. चौथा मला सगळ्यात आवडतो. घाईत चालणाऱ्याला वाटतं एवढी घाई कशाला, हळू चालू, मग वाटतं उभा राहू, मग बसू, मग आडवा होऊ, तसं विचाराचा वेग पायरी पायरीने कमी करायचा. म्हणजे एकदम गप्प व्हायला जाऊ नका, जमत नाही ते. आणि दात आवळून विचार दाबायचा हा पाचवा, अगदी शेवटचा. आपल्याकडे लोक पहिला तोच करतात आणि मग विहारात नाहीतर एसटीत भडका उडतो.

अजून एक. पुण्ण थेर माहीत असतील, बुद्धांचे भिक्खू शिष्य, सुनापरांताचे. सुनापरांत म्हणजे उत्तर कोकण असंच बरेच अभ्यासक धरतात, सोपारा तिथलं बंदर. ते तिकडे जायला निघाले तेव्हा बुद्ध म्हणाले तिथली माणसं फार तापट, कठोर, शिव्या दिल्या तर? पुण्ण म्हणतात, हाताने मारत तर नाहीत, चांगलीच आहेत म्हणेन. हाताने मारलं तर? ढेकळं तर मारत नाहीत. मग काठी, मग शस्त्र, असं चढत जातं पार जीव घेण्यापर्यंत, पुण्ण काही मागे हटत नाहीत. आपली किनारपट्टी तेव्हापासून तोंडाने फटकळ, तुमचा भाऊ काही नवीन नाही 😄

महाड तिठा:
ताई पहिलं पटलं, पुण्णाचं नाही. ते भिक्खू होते, त्यांना ना सातबारा ना कलमं. गावी राहून राबणाऱ्यालाच अशा गोष्टी सांगतात आणि तो वाटा सोडून गप्प बसतो, असली दोन-चार घरं आमच्या वाडीत दाखवतो. मला इथे आमचं महाड आठवतं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर पाणी प्यायले, परत जाताना लोकांना मार पडला, तरी बाबासाहेबांनी उलट हात उचलू नका म्हणूनच सांगितलं. पण तळं सोडलं का? केस चालू ठेवली, १९३७ ला हायकोर्टातून निकाल आपल्या बाजूने आला. तेव्हा धर्मांतर व्हायचं होतं, पण मला विचाराल तर रागाला आवर आणि हक्काला सोड नाही, हे मी तिथून शिकलो.

सोपाऱ्याची:
मी वाटा सोडा असं कुठे म्हटलं? फक्त झोपेचं बोलले. तुमचं बरोबरच आहे.

रिटायर तलाठी:
जय भीम. दीघजाणू नावाचा कोलिय कुळातला संसारी माणूस बुद्धांना म्हणाला की आम्ही बायकापोरांतली, सोनंचांदी वापरणारी माणसं, आमच्या कामाचं सांगा. त्याला जे सांगितलं त्यात कष्टाने मिळवा, मिळवलेलं सांभाळा, चांगल्यांची संगत धरा आणि आवक-जावक तराजूत धरल्यासारखी ठेवा, असं आहे. तेव्हा दादा हिशोब काढा. खत, फवारणी, मजुरी, राखण, किती पेट्या गेल्या, काय भाव आला, सगळं. पुढच्या बैठकीला तोंडाने बोलू नका, वही समोर ठेवा. आणि वाटपाचं म्हणाल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज होतो, सगळे खातेदार राजी असतील तर सोपं जातं, मालकीचाच वाद निघाला तर मात्र दिवाणी कोर्ट. वाटप झालं की मोजणी भूमी अभिलेखकडून. सामाईक सातबाऱ्यावर एकटा राबला की बोलणी खाणारच, माझ्या नोकरीत हेच बघितलं.

कातळावरचा:
सगळ्यांचे आभार. काल रात्री आयेवालं करून बघितलं, झोप लागली असं नाही पण भांडण मध्येच तुटलं आणि मी उठून पाणी पिऊन आलो. सकाळी पत्र्याची पेटी उघडली, फवारणीच्या पावत्या बऱ्याच निघाल्या. २०२० च्या निसर्ग वादळात कलमं उन्मळली होती, ती तोडायची मजुरीपण लिहिलेली सापडली. तेव्हा हा फिरकला नव्हता, लॉकडाऊन होतं म्हणा, तेपण खरंय. तलाठीसाहेब एक विचारायचं, काका वारले तरी सातबाऱ्यावर त्यांचंच नाव आहे. वाटपाच्या आधी काही करावं लागेल का?

रिटायर तलाठी:
आधी वारसनोंद. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं घेऊन तलाठ्याकडे अर्ज, पण तो अर्ज चुलतभावाने करायचाय, तुम्ही नाही. तो विरारला जायच्या आत गाठा आणि एवढंच काम बोला, स्लॅबचा विषय काढू नका.