किल्टच्या चुण्या: सेटवर की पट्टीवर?

ग्लासगोकर: किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा घागरा, शिवायचा आहे. १६ औंसी (दर यार्डाला १६ औंस वजनाचं) टार्टन, म्हणजे चौकड्यांचं लोकरी कापड, आहे, ४ यार्ड, पन्हा ५६ इंच. कंबर ३४, नितंब ४०. सेट, म्हणजे नक्षीची एक पूर्ण आवृत्ती, ८ इंचांचा. हातानेच शिवायचं आहे. चुण्या कशा घालाव्यात, किती बसतील?

ताणाबाणा: आधी कापड मधोमध उभं कापून २८ इंची दोन तुकडे करा. किल्टला खाली दुमड नसते, विणलेली किनारच खाली येते, म्हणून एक तुकडा उलटा फिरवावा लागतो. ट्विलची, म्हणजे तिरक्या विणीची, रेघ त्यानेही बदलत नाही आणि सेट सममित असेल तर पट्ट्यांचा क्रमही जुळतो. बुकॅननसारख्या असममित टार्टनमध्ये क्रम उलटा होतो. त्याला एकेरी पन्ह्याचंच कापड घ्यावं. कात्री लावण्याआधी दोन्ही किनारींपासून आडव्या पट्ट्या सारख्याच उंचीवर येतात का, टेपने पाहा. जोड चुणीच्या आतल्या घडीत लपवा.

सुईदोरा: चार-चार यार्डांचे दोन तुकडे जोडून ८ यार्ड, म्हणजे २८८ इंच. पुढचे दोन सपाट पदर आणि बाजूच्या खोल घड्या यांत साधारण ६४ जातात, उरले २२४. पट्टीवर, म्हणजे प्रत्येक चुणीच्या मध्यावर तीच रेघ येईल अशा, घातल्यास प्रत्येक चुणी बरोबर एक सेट घेते: २८ चुण्या. गॉर्डन हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीच्या किल्टमागे पिवळी रेघ ओळीने दिसायची ती अशीच. सेटवर घातल्यास मागे नक्षी अखंड दिसायला हवी, म्हणून प्रत्येक चुणी एक सेट अधिक दिसणारी रुंदी घेते, सुमारे ८.८ इंच: २५ चुण्या. पहिल्याच किल्टला मी पट्टी सुचवेन. एकच रेघ सगळीकडे मध्यावर आणायची असते, चूक लगेच डोळ्यात भरते.

ग्लासगोकर: आणि कंबरेकडे निमुळतं कसं करायचं?

सुईदोरा: मागचा भाग नितंबावर २०, कंबरेवर १७ इंच धरा. २८ चुण्यांत प्रत्येक चुणी खाली ०.७१, वर ०.६१, म्हणजे फरक जेमतेम एक दशांश इंच. चुणीमागे १/१६ इंच चुकलं तरी शेवटी पावणेदोन इंचांचा घोळ होतो. दर पाच चुण्यांनी मोजा.

ताणाबाणा: शिवलेल्या भागाला आतून जाड कॅनव्हास लावायला विसरू नका. नाहीतर चुण्यांचं सगळं वजन टाक्यांवर येतं आणि मागची बाजू लोंबते. चुण्या खालपर्यंत कच्च्या टाक्याने धरून मगच ओल्या कापडावरून इस्त्री करा. इस्त्री दाबून उचलायची, सरकवायची नाही. सरकवलीत तर उभ्या रेघा वाकड्या होतात.