टूरमध्ये शेवटून येणारे कशासाठी एवढा जीव काढतात?

पहिलाटूर: यंदा पहिल्यांदाच टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत नीट बसून बघतोय. डोंगरातल्या टप्प्यात विजेता पोचतो, त्याची मुलाखत होते, आणि मग अर्ध्या तासाने तीस-चाळीस जणांचा घोळका येतो. एकूण क्रमवारीत ही मंडळी दोन-दोन तास मागे, एकूण आघाडीवर असलेल्याच्या पिवळ्या जर्सीशी त्यांचा संबंध नाही. काल त्यातला एक जण रेषा ओलांडल्यावर हँडलवर डोकं टेकून कितीतरी वेळ तसाच उभा होता. मुलीने विचारलं, "बाबा, हरलाय ना तो? मग एवढा जीव का काढतोय?" मला उत्तर देता आलं नाही.

घाटवेडा: मुलीला सांगा, तो आज वाचला.

प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते. विजेत्याच्या वेळेत ठरावीक टक्के मिळवतात, आणि ते टक्के टप्पा किती अवघड आहे आणि विजेता किती वेगाने गेला यावर ठरतात. त्या वेळेत पोचला नाहीत तर दुसऱ्या दिवशी शर्यतीत नाही. म्हणून पुढे कुणी भन्नाट सुटला की मागच्यांच्या पोटात गोळा येतो.

मागे बहुतेक स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या काही मीटरात वेगाने झेपावणारे, असतात. सपाट रस्त्यावरचे राजे, पण घाटात अंगावरचे तेच स्नायू ओझं होतात. मग ते एकत्र येऊन 'ग्रुपेटो', म्हणजे तो मागचा घोळका, करतात. परवा सर्वाधिक गुणांच्या हिरव्या जर्सीसाठी एकमेकांना कोपर लावणारे आज एका लयीत चढतात. चढावर कुणी उगाच जोर लावत नाही, आणि गेलेला वेळ उतारावर आणि दरीतल्या सपाटीवर भरून काढतात. त्या उतारांवर ते ज्या वेगाने जातात ते बघताना माझा श्वास अडकतो.

२०२४ चा पहिला टप्पा मी शेवटपर्यंत बघितला होता. फ्लॉरेन्स ते रिमिनी, २०६ किलोमीटर, रणरणतं ऊन. स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिश, वय ३९, पहिल्याच चढावर मागे पडला आणि सायकलवरच ओकत होता. रोमँ बार्दे जिंकला त्यानंतर जवळपास ३९ मिनिटांनी कॅव्हेंडिश पोचला, मर्यादेच्या आत. चारच दिवसांनी साँ-व्युल्बास इथे त्याने टूरमधला आपला ३५ वा टप्पा-विजय मिळवला आणि एडी मर्क्सचा ३४ विजयांचा विक्रम मागे पडला. रिमिनीत वेळ हुकली असती तर तो दिवस आलाच नसता.

पहिलाटूर: अंगावर काटा आला. पण त्याचे साथीदारही सोबत मागे राहिले होते ना? त्यांचाही वेळ गेलाच की.

शेवटचा_चढ: गेला, आणि तेच त्यांचं काम. पुढच्याच्या चाकामागे राहिलं की वारा खूप कमी लागतो. एकटा पडलेला स्प्रिंटर दरीत वाऱ्याशी झुंजत संपतो. साथीदार पुढे असले तर निभावतो. २०१८ मध्ये ला रोझिएरच्या टप्प्यात हाच कॅव्हेंडिश आणि दुसरा स्प्रिंटर मार्सेल किटेल दोघंही वेळेबाहेर गेले आणि घरी परतले. कधी फारच मोठा घोळका उशिरा आला तर पंच सगळ्यांना ठेवून घेतात. २०११ ला गालिबिए घाटावर तसं झालं. कॅव्हेंडिशचे २० गुण कापले, तरी हिरवी जर्सी त्यानेच नेली.

घाटवेडा: @पहिलाटूर, पुढच्या डोंगरी टप्प्याला विजेता आला की मुलीला घड्याळ लावून बसवा. समालोचक बहुतेक वेळा मर्यादा किती मिनिटांची ते सांगतात. शेवटचे येईपर्यंत टीव्ही बंद करू नका.

पहिलाटूर: आज बसलो. दोन मिनिटं उरली असताना शेवटचा आला. मुलगी सोफ्यावर उभी राहून टाळ्या वाजवत होती.