सिग्नलला उभी असताना गाडी हादरते, रेस दिली की एकदम शांत. नक्की काय तपासू?

सिंहगडरोडवाला:
मंडळी मदत हवीये. 2015 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, चार सिलेंडर, बाहेरून सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलेंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेलं) सीएनजी किट बसवलेलं. गेले काही आठवडे न्यूट्रलला उभी असली की इंजिन मिसिंग मारतं (मधेच एखाद्या सिलेंडरमध्ये इंधन पेटतच नाही), आरपीएमचा काटा 600 आणि 900 च्या मध्ये नाचत राहतो, स्टिअरिंग थरथरतं, एसी लावला तर आता बंद पडते की काय असं वाटतं. पण 1500 च्या वर गेली की काहीच नाही, पिकअप पण ठीक. गॅरेजवाल्याने चारही प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, थोडे दिवस बरं वाटलं आणि परत तेच. आता तो म्हणतो इंजिन फाउंडेशन (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते) गेलंय, ते टाकून घ्या. खर्चाला ना नाही पण आधी नक्की काय ते कळायला हवं ना. चेक इंजिनचा दिवा मधूनच लागतो आणि जातो.

लालमाती:
ई20 (20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मुळे असणार. जुन्या गाड्यांना ते मानवत नाही, माझ्याही गाडीचं ॲव्हरेज पडलंय.

पाना12:
लालमाती, ॲव्हरेज पडणं समजू शकतो, इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी असते. पण यांची मिसिंग फक्त आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) आहे आणि वर सगळं ठीक, त्यामुळे पेट्रोलवर लगेच ढकलू नका.

सिंहगडरोडवाला, फाउंडेशनचं रबर गेलं तर हादरे केबिनमध्ये येतात हे खरं, पण त्याने आरपीएमचा काटा नाचत नाही. काटा नाचतोय म्हणजे इंजिन स्वतःच नीट चालत नाहीये, ते सापडेपर्यंत फाउंडेशनला हात लावू देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मिसिंग पेट्रोलवर आहे, गॅसवर आहे की दोन्हीकडे? फक्त गॅसवर असेल तर गॅसचा फिल्टर, रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा), गॅस इंजेक्टर, ट्यूनिंग. फक्त पेट्रोलवर असेल तर कायम सीएनजीवर पळवून पेट्रोलचे इंजेक्टर जाम झालेत का ते बघायचं, हे आपल्याकडे फार होतं. आणि दोन्हीकडे असेल तर जे दोन्हीला सामायिक आहे तेच, म्हणजे कॉईल (प्लगला ठिणगीची वीज देणारी), प्लग, हवेची गळती नाहीतर कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब).

ओबीडीप्रेमी:
दिवा लागून गेला तरी कोड बऱ्याचदा मेमरीत राहतो. ब्लूटूथवाला साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारा) लावा. पी0300 आला तर मिसफायर (म्हणजे मिसिंगच) कुठेही, पी0301 ते पी0304 आला तर शेवटचा आकडा म्हणजे सिलेंडर नंबर. समजा 3 आला तर तिसऱ्याची कॉईल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर टाका, कोड पुसा, चालवून बघा. मिसफायर 1 वर सरकला तर कॉईल गेली. तिथेच राहिला तर कॉईल निर्दोष, फुकट बदलू नका. प्लगचंही तसंच करा, नवीन प्लग पण खराब निघतात, आणि सीएनजीला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं त्यामुळे गॅप जास्त असेल तर आधी गॅसवरच बोंब होते.

सिंहगडरोडवाला:
स्कॅनर लावला. पी0303. दोन्ही इंधनांवर तेच. कॉईल आणि प्लग दोन्ही अदलाबदल केले, कोड 3 वरच. फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर इंधन किती वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा) आयडलला बरंच प्लसमध्ये दिसतं, रेस देऊन 2500 ला धरलं की शून्याजवळ येतं. अजून एक, कात्रजच्या चढाला गॅसवर असताना कधीकधी हलका वास येतो, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

काकासाहेब:
गॅसवर खूप पळालेल्या गाडीत टॅपेट टाइट होतात (व्हॉल्व्हची फट कमी होते), व्हॉल्व्ह नीट बसत नाही, मग आयडलला अशीच मिसिंग मारते. कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या.

पाना12:
काका बरोबर बोलतायत, पण ती पाळी नंतर. वास येतोय ना, मग गाडी आजपासून पेट्रोलवरच चालवा आणि गॅसच्या टाकीचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करून टाका. गॅसच्या वासाशी खेळ नको.

किट बसवताना इनटेक मॅनिफोल्डच्या प्रत्येक नळीला भोक पाडून नोझल लावतात आणि गॅस इंजेक्टरपासून तिथपर्यंत छोटा रबरी पाइप जातो. तो पाइप तडकला की आयडलला मॅनिफोल्डमधला व्हॅक्युम त्यातून बाहेरची हवा ओढतो, तीही फक्त त्याच सिलेंडरला, म्हणून पेट्रोलवरसुद्धा मिसिंग. रेस दिली की एकूण हवाच इतकी वाढते की तेवढी गळती जाणवत नाही. आणि चढाला थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर व्हॅक्युम उरत नाही, मग त्याच चिरेतून गॅस बाहेर येतो. तुमचं सगळं जुळतंय. स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी घ्या, पेट्रोलवर इंजिन चालू ठेवून तिसऱ्याच्या पाइपवर आणि नोझलच्या बुडाशी थोडं मारा, कॉईलवर उडू देऊ नका. इंजिनचा सूर बदलला की जागा सापडली. कार्ब क्लीनरचा स्प्रे गरम इंजिनवर मारू नका, पेट घेतो.

सिंहगडरोडवाला:
सापडलं! पाणी मारल्याबरोबर फेस आत ओढला गेला आणि काही क्षण इंजिन एकदम सरळ चाललं. वरून पाइप धडधाकट दिसतो, पण नोझलजवळ वाकवला की क्लॅम्पच्या कडेला अर्ध्या गोलाची चीर उघडते, क्लॅम्पनेच कापलाय. थँक्यू पाना12, थँक्यू सगळ्यांना.

पाना12:
छान झालं. एकच नका बदलू, बाकीचे तीनही त्याच वयाचे आहेत. सीएनजीसाठीचाच पाइप घ्या, साधा पेट्रोलचा नको, आणि दातेरी पट्टीच्या क्लॅम्पऐवजी गुळगुळीत आतल्या कडेचा क्लॅम्प लावायला सांगा. काम किट बसवणाऱ्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्या आणि त्याच वेळी रिड्यूसरपासून रेलपर्यंतचे (गॅस इंजेक्टर जिथे बसतात तिथपर्यंतचे) सगळे जॉइंट फेसाने तपासून घ्या. मग कोड पुसा. आयडल सरळ झाला नाही तर काकांची टॅपेटची गोष्ट लगेच बघा.