पुण्यात महिना साडेपंचवीस हजारांत मुलीचे नीट भागेल का?

माझ्या मुलीला हिंजवडीतील एका कंपनीत वार्षिक 3,60,000 रुपयांची पहिली नोकरी मिळाली आहे. आम्ही लातूरचे, महिना 30,000 मिळतील असे धरून चाललो होतो. मात्र नियुक्तिपत्र नीट वाचल्यावर लक्षात आले की, भविष्य निर्वाह निधीत तिचे 1,800 आणि कंपनीचे 1,800, शिवाय ग्रॅच्युइटी, हे सारे त्याच रकमेत धरलेले असून, 200 रुपये व्यवसाय कर वजा जाता हातात साधारण साडेपंचवीस हजारच पडतील.

मागच्या रविवारी वाकडला खोली पाहिली. तीन खाटा, एकच खिडकी, दोन वेळचा डबा धरून 9,500 रुपये आणि दोन महिन्यांची अनामत. खोली स्वच्छ होती, पण तिला अभ्यासाला टेबल ठेवायलाही जागा नव्हती, हे मनाला लागले.

तिला शैक्षणिक कर्जाचा 6,000 रुपयांचा हप्ताही स्वतःच भरायचा आहे. प्रवास, औषधपाणी, गावी येणे-जाणे धरून तिला ओढाताण न होता राहता येईल का? पीएमपीएमएलच्या (पुण्याच्या शहर बससेवेच्या) मासिक पासवर वाकड-हिंजवडी रोजचे जाणे-येणे, विशेषतः रात्री उशिरा, जमते का? तिकडे राहणाऱ्यांनी कृपया स्वतःचा महिन्याचा खर्च सांगावा.