मदत हवी आहे: निकॉन डी ७५०० घ्यावा की डी ७२००?

होममैदान: नमस्कार. सोलापुरातील एका दुकानात वापरलेले दोन कॅमेरे विकायला आहेत, डी ७५०० आणि डी ७२००, आणि दोन्हींची किंमत जवळजवळ सारखीच आहे. डी ७५०० हा २०१७ सालचा असूनही २०.९ मेगापिक्सेलचा आहे आणि त्याआधी दोन वर्षे आलेला डी ७२०० मात्र २४.२ मेगापिक्सेलचा, हे मला समजत नाही. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत फोटो काढायचे आहेत. दुकानदाराने रविवारपर्यंतच मुदत दिली आहे, त्यामुळे कृपया नेमके उत्तर द्यावे.

हिप्परगा_काठ: मेगापिक्सेलची चिंता सोडा. रुंदीत ६००० विरुद्ध ५५६८ पिक्सेल, एवढाच तो फरक आहे आणि छापील फोटोत तो डोळ्यांना जाणवणारही नाही. डी ७५०० मध्ये निकॉनच्याच डी ५०० मधला सेन्सर असून तो सेकंदाला ८ फोटो काढतो, डी ७२०० सहा काढतो. परंतु लेन्स कोणती लावणार, हे तुम्ही सांगितलेलेच नाही.

नान्नज_माळरान: काळविटांसाठी आणि पक्ष्यांसाठी डी ७५०० निःसंशय चांगला. रॉ (प्रक्रिया न केलेल्या मूळ) स्वरूपात सलग ५० फोटो घेऊनही तो अडत नाही. सोबत २००-५०० मिमी ही लेन्स घ्या, त्याहून कमी लांबीची लेन्स आपल्या माळरानावर उपयोगाची नाही.

होममैदान: पक्ष्यांबद्दल मी विचारलेले नाही. मला नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा आणि गर्दीतले चेहरे टिपायचे आहेत, त्यांतले बरेचसे संध्याकाळनंतर. लेन्स घरात आहे. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, त्यांचीच निकॉनची लेन्स वापरणार आहे, ती उत्तम स्थितीत आहे.

हिप्परगा_काठ: ही माहिती पहिल्याच पोस्टमध्ये हवी होती, कारण सगळा निर्णय तिच्यावरच अवलंबून आहे. लेन्सवर अ‍ॅपर्चरची, म्हणजे प्रकाश आत सोडणारे छिद्र लहानमोठे करणारी रिंग आहे का, आणि मागच्या बाजूला धातूचे बारीक संपर्कबिंदू आहेत का?

होममैदान: १०५ मिमी, एफ/२.५. रिंग आहे, संपर्कबिंदू नाहीत, फोकस हातानेच करावा लागतो. पण दोन्ही कॅमेरे निकॉनचेच असताना याने काय फरक पडतो?

हिप्परगा_काठ: फार मोठा फरक पडतो. डी ७२०० च्या माउंटभोवती, म्हणजे लेन्स बसते त्या जागेभोवती, एक छोटी खाच असलेली कडी आहे, जी लेन्सच्या रिंगची स्थिती कॅमेऱ्याला कळवते; त्यामुळे मेनूत १०५ आणि २.५ हे आकडे भरले की प्रकाशमापन चालते आणि ए मोडसुद्धा (अ‍ॅपर्चर आपण ठरवायचे, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो) वापरता येतो. डी ७५०० मध्ये निकॉनने ती कडीच काढून टाकली. त्यावर तुमची लेन्स बसेल आणि एम मोडमध्ये (सगळे हाताने ठरवून) फोटोही निघेल, पण मीटर, म्हणजे प्रकाशमापक, बंद राहील, म्हणजे मिरवणूक दिव्यांच्या उजेडातून अंधारात शिरली की प्रत्येक वेळी एक्स्पोजर अंदाजाने ठरवावे लागेल. शिवाय डी ७५०० मध्ये कार्डासाठी एकच जागा आहे, डी ७२०० मध्ये दोन आहेत. वर्षातून एकदाच होणारा सोहळा टिपणाऱ्याने हे हलके घेऊ नये.

आरसामुक्त: या दोन्ही कॅमेऱ्यांचा आग्रह सोडा आणि मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा घ्या. एफ/२.५ वर हाताने फोकस करताना डीएसएलआरच्या (आरसा असलेल्या अशा कॅमेऱ्यांच्या) व्ह्यूफाइंडरमधून नेमकी धार दिसत नाही, कारण आजच्या पडद्यांवर जुन्या फिल्म कॅमेऱ्यांसारखे फोकस जुळवण्यासाठीचे दुभंगलेले वर्तुळ नसते. मिररलेसमध्ये फोकसमधल्या कडा रंगीत होऊन दिसतात.

कॅननचा_वापर: त्यापेक्षा कॅननचा ९०डी पाहावा. ३२.५ मेगापिक्सेल, सेकंदाला १० फोटो, ४५ फोकसबिंदू, आणि साध्या अ‍ॅडॅप्टरने निकॉनची जुनी लेन्स त्यावर बसते व मीटरही चालते.

हिप्परगा_काठ: बसते, हे खरे. मात्र छिद्र लहान करून अ‍ॅपर्चर एफ/८ वर नेले की व्ह्यूफाइंडरही तितकाच काळवंडतो, त्यामुळे रात्रीच्या गर्दीत ती सोय जाचक ठरते. आरसामुक्त यांचा फोकसचा मुद्दा मला मान्य आहे, तरी डी ७२०० च्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस जुळल्यावर ठिपका पेटतो आणि माझे काम त्यावर निभावले आहे.

कार्ड_विचार: कोणताही घेतलात तरी यूएचएस-दोन या जास्त वेगाच्या कार्डावर जास्तीचे पैसे घालू नका. दोन्ही कॅमेरे यूएचएस-एकच्या वेगानेच लिहितात.

जुनी_फिल्म: सगळ्यांनी एक महत्त्वाची गोष्ट वगळली आहे. लेन्स १९७७ पूर्वीची, म्हणजे रिंगची स्थिती कडीला कळवणारी निकॉनची एआय पद्धत येण्याआधीची असेल, तर ती डी ७२०० वर बसवू नका, त्या कडीचे नुकसान होऊ शकते. रिंगवर अ‍ॅपर्चरच्या मोठ्या आकड्यांखाली, माउंटलगत, लहान आकड्यांची दुसरी ओळ आहे का ते आधी पाहा; असेल तर लेन्स एआय पद्धतीची आहे.

होममैदान: दुसरी ओळ आहे. आज दुकानात जाऊन लेन्स दोन्हींवर लावून पाहिली. डी ७५०० चे मीटर खरोखरच हलले नाही, डी ७२०० वर रिंग फिरवताच वरच्या पडद्यावरचा आकडा बदलला. वडिलांची लेन्स इतक्या वर्षांनी पुन्हा कामाला लागलेली पाहून फार समाधान वाटले. आता डी ७२०० च्या या वापरलेल्या बॉडीत (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात) आणखी काय तपासावे?

हिप्परगा_काठ: तिच्यातून एक जेपीजी फोटो काढून तसाच घरी आणा, त्याच्या एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलमध्ये नोंदलेल्या माहितीत) शटर किती वेळा उघडले याचा आकडा असतो. निकॉनने या शटरची चाचणी १,५०,००० वेळांपर्यंत केलेली आहे. दोन्ही जागांत कार्ड घालून दोन्हींवर फोटो लिहिला जातो का ते पाहा, आणि एफ/१६ ला कोऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग मोजा. आपल्याकडच्या धुळीत हे डाग असणारच, ते साफ होतात, पण ओरखडा दिसला तर घेऊ नका.